राणीच्या न्हाणीची कडी

१४ ऑक्टोबर २००७, सकाळी

कादंबरी संपली. मराठी साहित्यात आज एक घटना घडली आहे आणि अर्जुनी मोरगावात कोणाला पत्ता नाही. बसस्टँडवर नेहमीसारखी भजी तळणे चालू.

नाव 'तिसऱ्या सावलीचा ग्रह'. ग्रहाला तीन सूर्य, म्हणून प्रत्येकाला तीन सावल्या. पृथ्वीवरून एकटा निघालेला कॅप्टन पुष्पराज तिथे उतरतो आणि तिथली राणी क्ष्मीला त्याच्या ज्ञानाने दिपून जाते. कॅप्टन पुष्पराज म्हणजे गुलाब रामटेके नव्हे, हे प्रस्तावनेत स्पष्ट करणार आहे. साम्य असेल तर ते वैचारिक पातळीवर.

भाषा शुद्ध ठेवली. आमच्या झाडीपट्टीतले लोक 'जाऊन राहिलो, येऊन राहिलो' करतात, 'का' म्हणायचे तर 'काऊन' म्हणतात. असल्या बोलीत विज्ञान होत नाही. मी कचेरीतही प्रमाण मराठीच बोलतो. काल साहेबांनी विचारले, रामटेके काय चाललंय? मी म्हटले, टिपण लिहून राहि... लिहीत आहे.

शेवटचा पूर्णविराम दिला आणि नेमक्या त्याच क्षणी प्रेमिलाने न्हाणीतून ओरडून कडीचे विचारले. बायको असावी तर अशा टायमिंगची. दाराची आतली कडी पोळ्याच्या सुमारास निखळली. तेव्हापासून घरात एक पद्धत ठरली आहे. न्हाणीकडे जाणाऱ्याने अंगणातून खोकायचे, आत कोणी असेल तर त्याने उलट खोकायचे. प्रेमिला शिवाय एक पाय दाराला लावून ठेवते. व्यवस्था उत्तम चालू आहे. तरी उद्या कडी आणायची. नक्की.

१५ ऑक्टोबर

कडी आणली नाही. हार्डवेअरच्या दुकानापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात प्रस्तावनेचे पहिले वाक्य सुचले. ते रस्त्यात सांडू नये म्हणून धावत घरी आलो. घरी येईपर्यंत विसरलो. दोष दुकानदाराचा. त्याने 'जयभीम साहेब' म्हणून हाक मारली.

२ नोव्हेंबर

गोंदियाला गेलो. टायपिंग करून देणारा पोरगा हिंदीवाला. पहिलेच पान बघून म्हणाला, सर, आपकी हैंडरायटिंग डॉक्टर लोगों जैसी है. मी धन्यवाद दिले. मग म्हणाला, पढ़ने में नहीं आ रही.

दुसरी अडचण राणीच्या भाषेची. परग्रहाची भाषा म्हणून मी तिला 'झ्र्क्ळ्प ट्ल्ह्वौ' असे संवाद दिले होते. तो म्हणाला, हे फॉन्टमध्ये बसत नाही, कॉम्प्युटर हँग होतो. एका शब्दात यंत्र बंद पाडणारा मी पहिलाच मराठी लेखक असेन. पण छापायचे तर आहे. सुवाच्य प्रत करून आणा म्हणाला, सीधे सीधे अक्षरात.

५ नोव्हेंबर

प्रत प्रेमिलाला करायला सांगितली. अंगणवाडीची रजिस्टरे भरून तिचे अक्षर चांगले झाले आहे. तिने विचारले, राणीच्या जागी काय लिवू? मी म्हटले, काहीही लिही, परग्रहाची भाषा कोणाला कळणार आहे? तिने पुन्हा विचारले, कायपन चालते? मी म्हटले, चालते. लेखकाने मोठ्या गोष्टी बघायच्या असतात.

२० नोव्हेंबर

प्रत झाली. लिहिताना प्रेमिला अधूनमधून हसत होती. कॅप्टन एकटा उल्कावर्षावात सापडतो त्या प्रकरणात तर पदराने डोळे पुसले. हसून की रडून, ते कळले नाही. भावनिक इम्पॅक्ट जोरदार आहे एवढे नक्की.

मी पुन्हा वाचले नाही. मी स्वतःचे लिहिलेले कधीच वाचत नाही. एकदा वाचायला घेतले होते, झोप लागली. इतकी एकाग्रता होते.

९ डिसेंबर

आज आरोग्यसेविका येऊन थुंकी तपासायच्या डब्या देऊन गेली. घरात माणशी एक. शेजारच्या रुक्माबाईने तिला सांगितले म्हणे, या घरात सकाळपासून सगळे खोकून राहिले. खुलासा करण्यासारखा विषय नव्हता. डब्या घेतल्या. कडी या आठवड्यात आणायचीच.

१२ जानेवारी २००८

पुस्तक आले. गठ्ठे रेल्वेने आले, स्टेशनवरून ठेल्यावर घरी आणले. मुखपृष्ठावर तीन सूर्य आणि एक नारळाचे झाड. परग्रहावर नारळ कुठून, म्हणून फोनवर विचारले. गोंदियाचा तो पोरगा म्हणाला, सर, डिझाइन में फ्री आता है.

कचेरीत साहेबांच्या हस्ते छोटेखानी प्रकाशन उरकले. साहेबांनी पुस्तक उलटे धरून फोटो काढला. आमची समीक्षा बारावीला आहे, ती म्हणाली, परीक्षा झाल्यावर वाचते. मुलीचे नाव समीक्षा ठेवले ते याच दिवसासाठी. आता पहिली समीक्षाच नंतर वाचते म्हणते.

प्रेमिलाला म्हटले, अभिप्राय दे. ती म्हणाली, मी त लिवलीच ना. याला अभिप्राय म्हणत नाहीत. तिला समजावून सांगितले की प्रत करणे वेगळे आणि आस्वाद घेणे वेगळे. ती भाजी चिरायला गेली.

एक प्रत पुण्याला, विज्ञानसाहित्याच्या समीक्षक डॉ. वैजयंती फणसे यांना रजिस्टर पोस्टाने धाडली. जन्म पुण्याचा, शिक्षण सगळे परदेशात. त्यांनी एकदा उचलून धरले की झाले. मग मी नुसता आवक-जावक लिपिक राहणार नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर पहिला वाचक भेटला. लखनलाल बिसेन, कालव्याच्या पाण्यासाठी कचेरीत खेटे घालणारे शेतकरी. त्यांना अर्ज लवकर पुढे सरकवतो म्हणून एक प्रत घ्यायला लावली होती. त्यांचा अभिप्राय: तीन सूर्य आहेत त तिथले लोक वर्षाला तीनदा धान घेत असतील, पन पानी कोन सोडते? तलाव कोनाचा? यावर मी काही लिहिले नाही ही मोठी चूक आहे म्हणे. मी सांगितले, तिथले लोक प्रकाश खातात.  लखनलाल म्हणाले, तरीच राणी चिडून राहिली.

राणी कुठे चिडते? ती तर दिपून जाते. ग्रामीण वाचकाला सायन्सची बैठक नाही, दुसरे काय!

जाताना म्हणाले, पन राणीचं सोळा आने बरोबर आहे जी. आणि हसत सुटले. हे हसणे कचेरीच्या गेटपर्यंत ऐकू येत होते.

३ फेब्रुवारी

पुस्तक गाजते आहे. रुक्माबाईला वाचता येत नाही, पण समीक्षाकडून मोठ्याने वाचून घेतले. आळीतल्या बायका जमल्या होत्या. मी ओसरीवरून लक्ष ठेवून होतो. कॅप्टनची भाषणे आली की रुक्माबाई म्हणायची, हे सोड, समोरचं वाच. राणी आली की हसून हसून एकमेकींवर पडायच्या. शोकांतिका पचत नाही तेव्हा माणूस असा हसतो. शास्त्रात याला नाव आहे, आता आठवत नाही.

समीक्षाचा अभ्यास बुडाला. साहित्यासाठी एवढा त्याग करावाच लागतो.

संध्याकाळी बादली घेऊन न्हाणीकडे निघालो तर रुक्माबाईने कुंपणावरून हाक मारली, काऊन जी कॅप्टन, कडी आनली का? आमच्या घरातली गोष्ट हिला कशी कळली? प्रेमिलाने गावभर केलेली दिसते. बायकोने घराची अब्रू घरात ठेवावी.

१० फेब्रुवारी

केशोरीहून मेहुण्याचे पोस्टकार्ड. ईश्वरदास म्हणजे प्रेमिलाचा भाऊ, तिथे शाळेवर मास्तर आहे. एकूण मजकूर असा: भाऊजी, कादंबरी वाचली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाचली. कडी पाठवू का?

काहीतरी गडबड आहे.

११ फेब्रुवारी

आज पुस्तक उघडले.

चौथे प्रकरण. कॅप्टन पुष्पराज राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभा आहे. मी लिहिलेले: "हे क्ष्मीले! अनंत अंतराळ पार करून, धूमकेतूंच्या शेपट्या चुकवून, मी तुझ्या द्वारी आलो आहे!"

खाली राणी म्हणते: "आले त आले. कडी आनली का?"

सहावे प्रकरण. कॅप्टन काळ आणि अवकाश यांवर बोलतो. तीन पाने. माझ्या मते कादंबरीचा कळस. राणी: "तुमचं बोलनं झालं असन त सांगा. मी एका पायानं दार धरून राहिली. तिकडे भात लागून राहिला."

नववे: "सारं ब्रह्मांड फिरून येता, अन् बजारातून कडी आनाले तुमाले सवड नाई. कायले जी तुमचं यान?"

शेवटचे पान. कॅप्टन डोळ्यांत पाणी आणून निरोप घेतो, पुन्हा येईन म्हणतो. राणी: "या. पन येवाच्या वक्ती खोकून येजा."

शंभराच्या वर पाने आणि राणी एकदाही दिपलेली नाही.

प्रेमिलाला जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, तुमीच त म्हनलं, कायपन लिव, कोनाले समजत नाई. मी म्हटले, पण ही परग्रहाची भाषा आहे का? ती म्हणाली, इतके दिवस सांगून राहिली, तुमाले एक शब्द समजला का? मंग परग्रहाचीच आहे.



१२ फेब्रुवारी

ठरवले: सगळ्या प्रतींतली राणी काळ्या मार्करने खोडायची. दिवाणाखालचा गठ्ठा काढून बसलो. पहिल्याच प्रतीत मार्कर संपला. पुस्तक बाजारातून मागे घेणे हाच मार्ग. बाजारात ते नाहीच, ही जमेची बाजू. पुण्याला गेलेली प्रत मात्र परत येणार नाही.

कडी आणायची नाही. हा आता तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ मार्च, दुपारी

 पुण्याच्या मासिकात डॉ. फणसे यांचे परीक्षण आले. चार पाने. काही भाग उतरवून ठेवतो:

"कॅप्टन पुष्पराजाची प्रकरणे निर्जीव आहेत आणि वगळून वाचता येतात." (म्हणजे वाचकाला स्वातंत्र्य दिले आहे.) "पण राणी क्ष्मीलाची भाषा हा मराठी विज्ञानसाहित्यातला चमत्कार आहे. रामटेके यांनी एक संपूर्ण परग्रही भाषा घडवली आहे. 'काऊन' आणि 'कायले' हे प्रश्नार्थक शब्द त्यांनी शून्यातून निर्माण केले. त्याहून थक्क करते ते क्रियापद. ज्या ग्रहावर तीन सूर्य आहेत तिथे काळ जात नाही, राहतो. म्हणून तेथील प्रजा 'जाऊन राहिलो' म्हणते. इथे व्याकरणच तत्त्वज्ञान होते. 'खोकून येजा' हा निरोप तर अनुवादाच्या पलीकडचा. आणि ती कधीच न येणारी कडी! बंद न होणाऱ्या दारापाशी एका पायावर उभी असलेली राणी म्हणजे आधुनिक स्त्रीचे एकाकीपण."

परीक्षण पुन्हा पुन्हा वाचले. आता शांतपणे विचार केला की दिसते, प्रेमिलाने जे लिहिले ते माझ्याच घरात, माझ्याच कागदावर, मी सांगितल्यावर. कडी आणली नाही तीही मीच. मी कडी आणली असती तर ही प्रतिमा जन्मालाच आली नसती. म्हणजे मूळ निर्मिती माझी. तिने फक्त उतरवून काढले.

डॉक्टरांना पत्र टाकले. भाषेचे व्याकरण तयार करायला सात वर्षे लागली असे लिहिले. लग्नाला वीस वर्षे झाली आहेत, त्या मानाने कमीच सांगितले.

१७ मार्च

डॉ. फणसे यांचा कचेरीत फोन! साहेबांनी स्वतः बोलावून रिसीव्हर दिला. बाई म्हणाल्या, पुण्याचे एक प्रकाशक नवी आवृत्ती काढायला तयार आहेत, मी म्हणेन तर. पण त्याआधी मला ती भाषा तिच्या निर्मात्याच्या तोंडून ऐकायची आहे, आणि जिथे ती जन्मली ती जागा बघायची आहे. सहा एप्रिलला येत आहेत. फोन ठेवताना हसून म्हणाल्या, खोकून येते हं.

साहेबांनी विचारले, बाईंना दमा आहे का?

सगळे आयुष्य आता या एका दिवसावर आले आहे. नवी आवृत्ती, पुणे, सत्कार. की पुन्हा तेच, आवकमधून जावक.

१८ मार्च

धोके दोन. पहिला, अर्जुनीचे लोक. बाई स्टेशनवर उतरल्या आणि पहिलीच म्हातारी म्हणाली, काऊन ढकलून राहिली वं, तर सात वर्षांचे व्याकरण प्लॅटफॉर्मवरच संपेल. दुसरा, न्हाणी. बाई चार तास घरी थांबणार. आधुनिक स्त्रीचे एकाकीपण त्यांना स्वतःला अनुभवावे लागता कामा नये.

म्हणून कडी आता आणायचीच. तत्त्व बाजूला ठेवले. मोठी माणसे लवचीक असतात.

२५ मार्च

घरात शुद्ध मराठीचे वर्ग चालू केले. पाहुण्यांसमोर प्रेमिलाने फक्त ठरलेली वाक्ये बोलायची: "या. बसा. पाणी घ्या. हे आत आहेत." बाकी हसायचे. तिला 'पाणी' म्हणता येईना, 'पानी' येते. मग रागावून म्हणाली, तुमी त परवा झोपीत 'मच्छर चावून राहिले' म्हनत होते. झोपेत प्रमाणभाषेचे बंधन नसते, असे तिला सांगितले.

रुक्माबाईला त्या दिवशी लेकीकडे जायची विनंती केली. तिने कारण विचारले. म्हटले, सरकारी कामाने माणसे येणार आहेत. ती म्हणाली, मंग त मी थांबतोच.

५ एप्रिल

कडी आणली! लोखंडी, भक्कम. दुकानदार म्हणाला, सुतार लावून देईल. बिसराम सुतार १४ एप्रिलच्या जयंतीचा मंडप घालण्यात गुंतला आहे, संध्याकाळी येतो म्हणाला. संध्याकाळी कशाला? ज्याने ग्रह उभा केला त्याला चार स्क्रू जड नाहीत.

६ एप्रिल, सकाळी ९

कडी बसवली. स्वतः. जरा तिरपी आहे पण जोर लावला की जाते. प्रेमिला आणि समीक्षा बाईंना आणायला स्टेशनवर गेल्या आहेत. मी आंघोळ करून, नेहरू शर्ट घालून दारात उभा राहणार. आता कडी आतून लावून बघतो.

६ एप्रिल, संध्याकाळी

कडी लागली. निघाली नाही.

क्रमाने लिहितो. आधी ओढली, मग ठोकली, मग तांब्याने ठोकली. तांब्या चेमटला. खिडकी आमच्या न्हाणीला नाही, वर टिनाचे पत्रे. एप्रिलची उन्हे. अंगावर टॉवेल. नेहरू शर्ट बाहेर दोरीवर.

मग अंगणात आवाज आले. प्रेमिला शुद्ध म्हणाली, या, बसा, पाणी घ्या, हे आत आहेत. 'पाणी' अगदी बरोबर म्हणाली. मला अभिमान वाटला. बाई म्हणाल्या, त्यांना लिहू दे, घाई नाही. मीही ठरवले, गप्प राहायचे. बाई चहा घेऊन कंटाळतील, जरा गावात फिरायला जातील, मग बिसरामला बोलावता येईल. प्लॅन निर्दोष होता. पण चहा झाला, पोहे झाले, बाई हलेनात. पत्रे तापले. भिंतीला हात लावायची सोय राहिली नाही.

पुढचे मला नीट आठवत नाही. समीक्षाला आठवते. तिच्या सांगण्यानुसार मी जे ओरडलो ते असे: अवं प्रेमिला, काऊन गोष्टी करत बसून राहिली वं! मी अंदर शिजून राहिलो ना! कडी नाई निघून राहिली! धाव वं माय!

 मग डॉ. फणसे यांनी हळूच विचारले म्हणे, हीच का ती भाषा?

प्रेमिला, मीच शिकवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, नाही बाई, ते आमचे कॅप्टन आहेत.

रुक्माबाई कुंपण ओलांडून आली होतीच. अगदी लखनलालच्या अर्जापासून थुंकीच्या डब्यांपर्यंत तिने बाईंना सगळे सांगितले, आणि ते सगळे 'राहून राहिलो' याच व्याकरणात. मी आतून ऐकत होतो. मधेच एकदा दुरुस्तीही केली, पण कोणी लक्ष दिले नाही. शेवटी समीक्षा बिसरामला घेऊन आली. कडी काही निघाली नाही, त्याने बिजागऱ्यांसकट दारच काढले. मी बाहेर आलो तेव्हा अंगणात बरेच लोक होते. बाईंनी सभ्यपणे पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते.

मी म्हटले, नमस्कार, प्रवासाचा त्रास नाही ना झाला?

मग जेवणे झाली. बाई प्रेमिलाशी बोलत बसल्या. अंगणवाडीचे, कडीचे, आणखी कायकाय. मधेच स्वतःच म्हणाल्या, पुण्यात बसून मी काय काय लिहिलं हो! आणि दोघी हसल्या. माझ्या व्याकरणाचे त्यांनी विचारले नाही. निघताना अंगणात थांबून प्रेमिलाला म्हणाल्या, येऊन राहते पुन्हा. चुकीचे बोलल्या. कोणीही दुरुस्त केले नाही.

७ एप्रिल

शांत डोक्याने बघता कालचा दिवस तितका वाईट गेला नाही. बाई थकलेल्या होत्या. निर्मात्याच्या तोंडून भाषा ऐकायची त्यांची इच्छा पूर्ण झाली. पत्र येईल.

न्हाणीला दार नाही. बिसराम म्हणाला, चौकटच उखडली, जयंतीनंतर बघू. तोपर्यंत प्रेमिलाचे जुने लुगडे पडद्यासारखे टांगले आहे. वारा आला की उडते, म्हणून आता बाहेर एक माणूस लागतो. सकाळच्या वेळेत मी मोकळा असतो.

१९ मे

परवा पत्र आले. पाकिटावर नाव: प्रेमिला रामटेके. पोस्टमनने मला देऊन पुन्हा माझ्या हातून काढून घेतले आणि तिला दिले.

प्रकाशक तयार आहेत. कादंबरी नाही, फक्त राणीचे भाग. परग्रह काढायचा, तीन सूर्य काढायचे, अर्जुनी ठेवायची. आणखी असेच लिहा म्हणतात. तळाशी डॉ. फणसे यांच्या हातची एक ओळ होती: कॅप्टनची गरज वाटत नाही.

मी दोन दिवस जेवलो नाही, असे लिहिणार होतो. एक दिवस जेवलो नाही. वाईट वाटले. खोटे कशाला लिहू, फार वाईट वाटले. माझे पुस्तक होते ते. प्रेमिलाला एवढेच म्हटले की कॅप्टनशिवाय गोष्टच उभी राहत नाही, पण तुम्हाला पटेल तसे करा. तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणालो, रागाने. तिने मान वर केली.

२२ मे

प्रेमिलाने उत्तर लिहिले. पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिले, पाकीट उघडे होते म्हणून वाचले. तिने लिहिले आहे, कॅप्टन काढू नका. तो नसला तर राणी बोलेल कोणाशी? इतकी वर्षे ती त्याच्याशीच तर बोलून राहिली. तो राहू द्या.

डोळे भरून आले. लाजण्यासारखे काही नाही, माणसाचे भरतात. एवढ्या वर्षांत मागून मागून न मिळालेला अभिप्राय हाच. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात दिसले की मागच्या पानावर आणखी एक ओळ आहे.

फक्त त्याचं बोलणं काढा.

२५ मे, सकाळी ७

ते काम माझ्याकडे आले आहे. मीच करतो म्हटले. माझे संवाद दुसऱ्या कोणी खोडलेले मला चालणार नाहीत.

न्हाणीसमोर स्टूल टाकून बसलो आहे. आत प्रेमिला, माझ्या मांडीवर पुस्तक, हातात लाल पेन. काळ आणि अवकाश गेले. उल्कावर्षाव गेला. चौथ्या प्रकरणात आता कॅप्टन येतो आणि नुसता उभा राहतो, आणि राणी म्हणते, आले त आले. एका ठिकाणी मला हसू आले. आतून तिने विचारले, कायले हसून राहिले जी? मी म्हटले, काही नाही, वाचून राहिलो. लिहिताना लक्षात आले, पण हे खोडत नाही.

रुक्माबाई बादली घेऊन कुंपणाशी येते आहे. खोकलो.

कॅप्टनचे सगळे बोलणे काढले. खोकला तेवढा ठेवला आहे.